बुधरीबाईचा हात

कोसेटोला, १७ फेब्रुवारी १९८५

जागा मिळाली. पायांचे तुकडे पडले, पण मिळाली.

निताई मंडल, त्याचे दोन भाऊ, तिघांच्या बायका, पोरंबाळं आणि एक म्हातारी आई. महिनाभर हे सगळे चामोर्शीच्या बाजाराच्या कडेला ताडपत्रीखाली राहत होते. सरकारने कधीकाळी या बंगाली निर्वासितांना इकडे जमिनी दिल्या होत्या. सात वर्षांपूर्वी यांच्यातले काही जण आपल्या भाषेच्या मुलखात जागा मिळेल या आशेने सगळं सोडून गेले, तिथूनही हुसकावले गेले, आणि परत येईपर्यंत जमीन दुसऱ्याच्या नावावर झाली. आता ते ना इकडचे, ना तिकडचे.

आमच्या मजूर संघटनेच्या बैठकीत तिचे प्रमुख देवरावभाऊ यांनी विचारलं, यांची जबाबदारी कोण घेतं? माझा हात सगळ्यांत आधी वर. शाळेपासूनची सवय आहे. उत्तर येत नसलं तरी हात वर करायचा, बाकीचं उभं राहिल्यावर बघू.

कोसेटोल्यात मी दोन वर्षं काम करते आहे. तेंदूपानाच्या मजुरीचं भांडण इथल्या लोकांबरोबरच लढले, त्यामुळे गाव मला आपली मानतं असं मी धरून चालते. गावाचा गायता लालसूभाऊ; देवाचं आणि गावाचं पाहणारा माणूस. त्यांना म्हटलं, तलावाच्या बांधापलीकडे एवढी मोकळी जागा आहे, तिथे यांना ठेवू का? ते बराच वेळ तलावाकडे बघत बसले. मग मला तंबाखू देऊ केली. मी तंबाखू खात नाही, पण होकार ओळखता येतो.

जागा खरंच सुंदर आहे. पाणी जवळ, सावली, साफसूफ. गावाने इतकी वर्षं ती मोकळी कशी ठेवली, नवलच.

२६ फेब्रुवारी

तीन झोपड्या उभ्या राहिल्या. बांबू आणि गवत गावातल्या पोरांनीच आणून दिलं. निताई कामाला वाघ आहे. तलावात दोनदा जाळं टाकून त्याने अर्ध्या गावाला मासे वाटले.

बांधाच्या अंगाला कमरेएवढे पाच-सहा दगड ओळीने उभे आहेत. त्यांच्यावर त्याची जाळी फार छान वाळतात. एका दगडाला शेफालीने, म्हणजे निताईच्या बायकोने, बकरी बांधली. त्यातलाच एक थोडा मागे कललेला दगड मी माझा करून टाकला आहे. पाठ टेकली की खुर्चीसारखा. आत्ताही तिथेच बसून लिहिते आहे. समोरून बुधरीबाई डोक्यावर मोळी घेऊन गेली. माझ्याकडे बघून थांबली आणि पुढे गेली. ही म्हातारी मला आवडते. गावातली सगळ्यांत वयस्क बाई, एकटी राहते, कोणाचं घेत नाही.

११ मार्च

वनखात्याचे साहेब आले होते. जागा जंगलाच्या हद्दीत आहे. मी भांडायच्या तयारीत होते, पण माणूस वाईट नव्हता. थकलेला होता. म्हणाला, "मले वरून विचारतात, हे लोक कोनाचे? मी काय सांगू? जूनमधी येतो. गाव माझ्यासमोर म्हणालं का हे आमचे, तं मी तसंच वर लिवतो. नाई म्हणालं, तं ट्रक आणा लागन."

ट्रक कुठे नेणार ते त्यालाही माहीत नव्हतं. निताईच्या आईने ट्रक हा शब्द ऐकला आणि उठून आपली भांडी एका कापडात बांधायला लागली. शेफालीने ती सोडवून परत मांडली. म्हातारी परत बांधायला लागली.

जूनपर्यंत वेळ आहे. गावाकडून होकार घ्यायचा. एवढंच काम.

२५ मार्च

एवढंच काम, म्हणे.

तीन वेळा गाव बसलं. गोटुलासमोर, म्हणजे गावाच्या सामायिक घरासमोर, गोल करून बसतात, बायाही असतात. मी विषय मांडते. मग सगळे गप्प. कोणी चिलीम ओढतं, कोणी दोरी वळतं. खुशाल म्हणाला, मासे कमी होतील. लटारू म्हणाला, तळं काय आटून राह्यलं का? पुन्हा गप्प. सगळे अधूनमधून बुधरीबाईकडे बघतात. ती जमिनीकडे बघते. मग लालसूभाऊ उठतात, म्हणजे बैठक संपली. काय ठरलं? काहीच नाही. पुन्हा बसू.

मी ऑर्डनन्स फॅक्टरीच्या कॉलनीत वाढले. आमच्याकडे भोंगा वाजला की हजार माणसं एकदम फाटकातून आत जातात. या गप्प बसण्याने माझ्या अंगाला खाज सुटते. लालसूभाऊंना म्हटलं, असं किती दिवस बसायचं? तर म्हणाले, "सगळे बोलतपर्यंत. घाई काऊन बाई?"

घाई काऊन! ट्रक जूनमध्ये येणार आहे म्हणून.

३ एप्रिल

झालं. जिंकलो!

काल बैठकीत पुन्हा तेच गप्प बसणं सुरू झालं, तशी मी उभीच राहिले. म्हटलं, आता मतदान करू. हे लोक राहावेत असं वाटणाऱ्यांनी हात वर करा. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. तेंदूच्या भांडणातली माझी चार पोरं होती, त्यांनी हात केले. मग त्यांच्या आयांनी, मग इतरांनी. त्रेसष्ट. विरुद्ध कोण? चौदा. त्यात खुशाल आणि त्याचा गोतावळा. बुधरीबाईने कुठल्याच वेळी हात वर केला नाही. तटस्थ, असं मी मोठ्याने सांगितलं.

लालसूभाऊ उठून गेले. मला वाटतं, हे काम इतक्या लवकर होऊ शकतं याचंच त्यांना आश्चर्य वाटलं असावं.

निताईने माझ्या पाया पडायला वाकून मला भलतंच अवघडून टाकलं. शेफालीने मोहरी घालून मासा केला. मी तीन वेळा भात घेतला.

११ एप्रिल

मोहाचा हंगाम ऐन भरात आहे. एरवी पहाटेपासून सगळ्या बाया एकत्र फुलं वेचतात, हसणं-खिदळणं दूरवर ऐकू येतं. यंदा दोन टोळ्या झाल्या आहेत. खुशालच्या घरच्या बाया ओढ्यापलीकडे, बाकीच्या अलीकडे. लटारूच्या घरी लग्न आहे, खुशाल त्याचा मावसभाऊ, पण मांडवाची डहाळी तोडायला गेला नाही. गोटुलासमोर त्या दिवसानंतर कोणी बसलेलंच नाही.

चौदा जणांना हार पचवता येत नाही, दुसरं काय. होईल हळूहळू.

लटारूच्या बायकोला विचारलं, बैठक कधी? ती म्हणाली, "आता कायले बसाचं? तू मोजलं ना."

भद्रावती, १५ एप्रिल

जयंतीसाठी घरी आले. काल विहारात दिवसभर गर्दी, संध्याकाळी मिरवणूक, निळं आभाळ रस्त्यावर उतरल्यासारखं. पण माझं लक्ष नव्हतं. बाबांना कोसेटोल्याची सगळी हकिगत सांगितली.

बाबा खूश झाले. त्यांनी आजीची गोष्ट पुन्हा सांगितली, जी मी शंभर वेळा ऐकली आहे. पहिल्या निवडणुकीत आजी मत द्यायला गेली तेव्हा तिच्या पुढे रांगेत गावचा पाटील उभा होता. त्याचंही एक, हिचंही एक. आजी मरेपर्यंत सांगायची, बाबासाहेबांनी मला पाटलाएवढी केली. माझ्यासाठी हात वर करणं ही काही खेळातली गोष्ट नाही. सगळ्या गावाचं एकमत होईपर्यंत थांबलो असतो, तर आजीला विहिरीचं पाणी तिच्या जन्मात मिळालं नसतं. हे मी कोणाही लालसूभाऊला तोंडावर सांगेन.

मग ही हुरहूर कसली?

चामोर्शी, १९ एप्रिल

देवरावभाऊंशी भांडले. म्हणजे मी भांडले, ते ऐकत होते. आजी, विहीर, पाटील, सगळं त्यांना ऐकवलं. ते स्वतः तशाच विहिरीवरून हाकललेल्या घरातले, त्यांना वेगळं काय सांगायचं.

ते म्हणाले, "विहिरीवर जे नाई म्हणत होते, ते तुमच्या आजीले मानूस समजत नव्हते. तिथी मोजाच लागते. कोसेटोल्यात तुले कोन नाई म्हणालं?"

चौदा जण, म्हटलं.

"ते मासे खातात म्हणून नाई म्हणतात. मासे भेटले का गप बसतीन. मी त्या म्हातारीचं विचारून राह्यलो. तिनं हात काऊन नाई केला?"

म्हटलं, ती तटस्थ होती.

"तुले सांगितलं तिनं तसं?"

मी चहा न पिता उठले. नंतर परत जाऊन प्यायले, कारण बस दोन तासांनी होती.

कोसेटोला, २८ एप्रिल

आजचं आजच लिहायला हवं.

तीन दिवस बुधरीबाईबरोबर मोहफुलं वेचायला गेले. काही विचारायचं नाही असं ठरवलं होतं. माझ्यासारखीला हे तेंदूच्या ठेकेदाराशी भांडण्यापेक्षा कठीण. पहिले दोन दिवस नुसतं काम. फुलं वेचायची, टोपली भरली की घरी यायचं, अंगणात वाळत टाकायची. काल मला पेज दिली.

आज वेचून झाल्यावर ती घराकडे वळली नाही, बांधाकडे चालू लागली. मी मागोमाग. झोपड्यांपाशी आली, त्या उभ्या दगडांशी थांबली. पहिल्या दगडावर निताईचं जाळं वाळत होतं. तिने ते काढलं. ओढलं नाही, फाडलं नाही. एक एक गाठ सोडवत काढलं, घडी केली आणि गवतावर ठेवलं. मग दगडावर हात ठेवून म्हणाली, "हा माझा घरवाला."

पुढच्या दगडाला बकरी बांधलेली होती. "ही सासू."

मग ती माझ्या दगडाशी आली. त्या मागे कललेल्या. "हा माझा पोरगा. सुकलू. तापानं गेला. तुझ्याएवढा होता."

मला खाली बसायचं होतं आणि कुठे बसावं ते कळेना.

बुधरीबाई, मला माहीत नव्हतं, असं मी म्हणाले. तिला ते खरंच वाटेना. माझ्याकडे बघत राहिली. दगड उभा केलेला दिसतो आहे आणि तो कोणाचा ते कळत नाही, असं माणूस असू शकतं हे तिच्या ध्यानातच नव्हतं. कोणाच्याच नव्हतं. गावाला वाटत होतं, या शिकलेल्या बाईने जाणूनबुजून ही जागा निवडली. आणि जिचे मेलेले तिथे आहेत ती बोलल्याशिवाय दुसऱ्या कोणी कसं बोलायचं? म्हणून सगळे तिच्याकडे बघत होते. ती तयार होत होती. तेवढ्यात मी हात मोजले.

मी रडायला लागले. मग ती जे म्हणाली ते जसंच्या तसं लिहून ठेवते.

"तू बसत होतीस ते मले बरं वाटे, पोरी. पाठ लावून लिवत राहे. मी म्हणो, सुकलूसंगं कोनीतरी बसते."

३० एप्रिल

निताईला काल सांगितलं. शेफालीने आधी बकरी सोडली. निताई प्रत्येक दगडाला वाकून हात लावत गेला. मग तिथेच उकिडवा बसला आणि म्हणाला, "दीदी, मेरा बाप रास्ते में मरा. कहाँ रखा था, आज पूछो तो बता नहीं सकता. और हम यहाँ जाल सुखाता था."

मी काही सांगायच्या आत तिन्ही भावांनी झोपड्या उतरवायला घेतल्या. अरे पण जाणार कुठे? म्हटलं, थांबा, आधी दुसरी जागा बघू. निताई थांबला नाही. संध्याकाळपर्यंत जागा शेणाने सारवून स्वच्छ केली आणि सगळे फाट्याजवळच्या मोहाखाली, ताडपत्रीखाली. जिथून निघालो तिथेच. म्हातारीने भांडी बांधूनच ठेवली होती, तिला तेवढा त्रास पडला नाही.

मी बांधलेलं सगळं मोडलं. आता ट्रकला त्यांना शोधायचीही गरज नाही, रस्त्यावरच बसले आहेत.

४ मे

लालसूभाऊंकडे गेले आणि म्हटलं, माझी चूक झाली, ते मतदान मागे घ्या. ते म्हणाले, तुझ्या एकटीची कशी? मी तोंडानं बोललो नाही, तंबाखू दिली. तंबाखू म्हणजे बसून बोलू, हो नाई. तुले तंबाखूचं बोलनं कळते असं मले वाटलं.

खरं तर तेव्हा हसू यायला हवं होतं. आलं नाही.

आज सकाळी गाव बसलं. खुशालही आला. मी कडेला बसले आणि ओठ आतून दाताखाली धरले. सगळे बोलले. प्रत्येक जण. लटारूची सासू पंधरा वर्षांपूर्वीच्या एका म्हशीबद्दल बोलली, तेही सगळ्यांनी ऐकून घेतलं. खुशाल म्हणाला, तलावात मासे धरायची पाळी लावा, मग माझं काही नाही. एवढंच होतं त्याचं. मी त्याला महिनाभर शत्रू समजत होते.

ऊन डोक्यावर आलं. शेवटी बुधरीबाई उरली. सगळे गप्प. या वेळी त्या गप्प बसण्याने मला खाज सुटली नाही, भीती वाटली. ती नाही म्हणाली असती तर? तर निताई गेला असता, आणि मी आजीचं नाव घेऊन आरडाओरडा केला असता, आणि त्याचा काही उपयोग झाला नसता. या पद्धतीवर माझा अजूनही पूर्ण विश्वास नाही. एका म्हातारीच्या ओठावर पंधरा माणसांचं घर टांगलेलं असू नये.

ती म्हणाली, "त्यायनं जागा सारवून देल्ली. कोनी सांगलं नव्हतं." मग, "माझ्या वावराच्या काठाले जागा हाये. मी एकटी कितीक पिकवतो."

लालसूभाऊ उठले.

२९ मे

आज बी-पंडुम झालं. पेरणीआधी प्रत्येक घरातून थोडं बी गोळा करतात, देवाजवळ नेऊन सगळं एकत्र मिसळतात, आणि मग त्यातलंच मूठमूठ प्रत्येकाला वाटून देतात. ते आपल्या बियाण्यात टाकल्याशिवाय कोणी पेरत नाही. देवाकडे फक्त पुरुष जातात, त्यामुळे पुढचं मला काही दिसलं नाही. टोपली घरोघर फिरताना मात्र पाहिली.

लालसूभाऊ टोपली घेऊन बुधरीबाईच्या दाराशी आले. तिने ओंजळभर धान टाकलं. तिच्या वावराच्या काठाला आता तीन नव्या झोपड्या आहेत. लालसूभाऊ तिकडे बघत थांबले. निताई दारात उभा होता, पुढे यावं की नाही ते त्याला कळत नव्हतं. त्याच्याकडे सूपभर धान होतं, चामोर्शीच्या एका बंगाली सोयऱ्याने दिलेलं. बुधरीबाई गेली, त्याच्या सुपात हात घातला, मूठ भरली आणि टोपलीत सोडली. ज्या हाताची मी बैठकीत वाट पाहिली नव्हती, तोच हात.

शेफालीने आणि तिच्या जावांनी तोंडाने उलूउलू असा लांब आवाज काढला. त्यांच्याकडे शुभकार्यात तसा काढतात म्हणे. गावातल्या बाया आधी दचकल्या, मग इतक्या हसल्या की टोपली सांडता सांडता राहिली.

६ जून

साहेब आले. ट्रक आणला नव्हता, पण तो मागवायची तयारी होती. गोटुलासमोर खुर्चीवर बसले, सगळं गाव गोल बसलं. निताईचं कुटुंब कडेला. म्हातारीच्या मांडीवर कापडात बांधलेली भांडी.

साहेबांनी विचारलं, "हे लोक तुमचे का?"

गाव गप्प.

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे बघितलं. त्यांनी पुन्हा विचारलं. लालसूभाऊंनी चिलीम भरायला घेतली. साहेब घड्याळ बघायला लागले. म्हणाले, "कोनीच काई बोलत नाई म्हणजे मी काय समजू?" माझा हात नकळत वर जायला निघाला होता. मी तो दुसऱ्या हाताने मांडीवर दाबून धरला.

मग बुधरीबाई उठली. आपल्या अंगणातून सूप घेऊन आली. पंडुमचं वाटून आलेलं, मिसळलेलं धान त्यात होतं. तिने ते साहेबांच्या खुर्चीपुढे जमिनीवर ठेवलं.

"यायचं बी आमच्या बियात पडलं हाये. यायले न्याचं असन तं आधी हे निवड. यायचं कोनतं, आमचं कोनतं, दाना दाना येगळा कर. मंग ने."

साहेबांनी वाकून सुपातले चार दाणे उचलले. तळहातावर घेऊन बघितले, बोटाने इकडेतिकडे केले. मग परत सुपात टाकले आणि हात झटकायच्या ऐवजी, का कोण जाणे, सुपावरच नीट झाडले, एकही दाणा खाली पडू नये असे. म्हणाले, गाव आमचे म्हणते, असं लिवतो. वरचे काय म्हणतीन ते मले सांगता येत नाई.

मलाही सांगता येत नाही. वरच्यांशी भांडावं लागेल, तिथे मोजावंही लागेल, आणि ते मला येतं.

सगळे पांगल्यावर बांधाकडे गेले. दगड मोकळे आहेत, सारवणावर पाचोळा पडला आहे. वही उघडली, पण बसले नाही. तेवढ्यात बुधरीबाई मोळी घेऊन तिकडून चालली होती. थांबली. माझ्याकडे बघितलं, सुकलूकडे बघितलं आणि म्हणाली, "उभी काऊन? बस."

हे सगळं तिथेच बसून लिहिलं आहे.